वाटा की हक्क?

लोकशाही म्हणजे संघटित गटांतील सत्तेची वाटणी, हे मत आपल्या सीमाभागातही रूढ होत आहे. ते घातक आहे. होळकरांचे इंदूर पाहा. तेथून सुमित्रा महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा लोकसभेवर गेल्या, त्या बहुसंख्य हिंदीभाषकांच्या मतांवर. केवळ मराठी डोकी मोजून हे घडलेच नसते. वाटा संख्येच्या बळावर मिळतो. संख्या घटली की तोही सरतो. हक्काचे तसे नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे यासाठी राज्यांनी झटावे, असे राज्यघटनेचे कलम ३५०-अ सांगते. त्यात संख्येची अट नाही. म्हणून बांधवहो, उमेदवारीच्या तुकड्यासाठी सौदे करू नका. मराठी शाळेचा हक्क मागा. सौद्यात बलवानाचेच फावते. दुबळ्यालाही न्याय मिळतो, तीच लोकशाही.