‘फिटनेस’चा दाखला जूनमध्ये नको, दोन वर्षे आधी हवा

बारावीचा निकाल लागला, की आमच्या दवाखान्यातली गर्दी बदलते. तापाचे, जुलाबाचे रुग्ण असतातच; पण त्यांच्या जोडीला हातात कागदपत्रांची फाइल घेतलेली मुले-मुली आणि घाईत असलेले त्यांचे वडील येऊ लागतात. कुणाला नर्सिंगला, कुणाला फार्मसीला, कुणाला इंजिनीअरिंगला, तर कुणाला आयटीआयला प्रवेश घ्यायचा असतो. ‘डॉक्टर, एवढी सही आणि शिक्का द्या, आज शेवटची तारीख आहे.’ आम्ही नाडी पाहतो, रक्तदाब मोजतो, छातीला स्टेथोस्कोप लावतो आणि लिहून देतो, ‘प्रकृती ठणठणीत, प्रवेशास पात्र.’ पाच मिनिटांचे काम. गेली पंचवीसेक वर्षे मीही हेच करीत आलो आहे. आज या सदरात थोडे स्वतःविरुद्धच लिहायचे आहे.

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा बारावीनंतर आयटीआयच्या प्रवेशासाठी दाखला न्यायला आला होता. वडील शेतकरी, माझे जुने पेशंट. मी नेहमीप्रमाणे सही केली. मुलाने दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पुरा केला. मग रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचे म्हणून शहरात खोली घेऊन अभ्यास केला. लेखी परीक्षा पास झाला. घरी पेढे वाटले गेले. आणि वैद्यकीय तपासणीत तो नापास झाला. लाल आणि हिरव्या रंगातला फरक त्याला नीट कळत नव्हता. जन्मापासूनच कळत नव्हता.

त्याचे वडील माझ्यासमोर बसून एवढेच म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही तर लिहून दिलं होतं ना, पोरगा ठणठणीत आहे म्हणून?’

वाचकहो, मला उत्तर देता आले नाही. मी लिहिले ते खोटे नव्हते; मुलगा ठणठणीतच होता. पण त्याला पुढे काय व्हायचे आहे, हे मी विचारलेच नव्हते. रंग तपासायचे पुस्तक माझ्या कपाटात होते. तपासायला दोन-तीन मिनिटे लागली असती. ती न दिल्यामुळे त्या घराची चार वर्षे आणि बराच पैसा गेला.

म्हणून माझे म्हणणे असे, की मुलाच्या पुढच्या शिक्षणाची तयारी क्लासच्या फीपासून नव्हे, तर त्याच्या शरीराच्या आणि मनाच्या तपासणीपासून सुरू व्हावी. आणि ती जूनमध्ये शेवटच्या तारखेला नव्हे, तर दहावी संपून अकरावी सुरू होताना व्हावी. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो.

प्रथम रंगांधळेपणाविषयी. या शब्दाने लोक घाबरतात. अशा माणसाला जग काळे-पांढरे दिसते असा समज आहे. तो बहुतेकदा चुकीचा असतो. बहुतेकांना फक्त लाल-हिरव्या छटांत गोंधळ होतो. दृष्टी उत्तम असते, वाचन उत्तम असते, म्हणून घरी कुणाला पत्ता लागत नाही. खुद्द मुलालाही लागत नाही, कारण इतरांना वेगळे दिसते हे त्याला कळणार कसे? हा दोष आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला मात्र बहुधा काहीच त्रास नसतो. त्यामुळे मुलींपेक्षा मुलग्यांत तो पुष्कळ जास्त आढळतो. आईच्या वडिलांना किंवा मामाला असा दोष असेल, तर मुलाची तपासणी अवश्य करावी. जपानचे डॉ. इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यांवर आजही ही तपासणी होते. ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा, एवढेच. या जन्मजात दोषावर औषध नाही. रंगीत काचांचे चष्मे विकले जातात, त्यांनी तो बरा होत नाही.

रेल्वेची गाडी चालवणे, व्यापारी जहाजावर दिशा सांभाळण्याचे काम, सैन्यदलांतल्या काही शाखा येथे रंगांची अचूक ओळख लागते, आणि ते योग्यच आहे. सिग्नल चुकला तर शेकडो जीव जातील. पण म्हणून सगळी दारे बंद झाली असे मुळीच नाही. रंगांधळ्या विद्यार्थ्यांसाठी एमबीबीएसची वाट सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दोन विद्यार्थ्यांच्या प्रकरणात मोकळी केली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे अभ्यासक्रमही २०२२ मध्ये त्याच न्यायालयाच्या निर्णयाने खुले झाले. सौम्य व मध्यम दोष असलेल्यांना वाहन परवाना मिळावा, असा बदल केंद्र सरकारने २०२० मध्ये केला. वकिली, शिक्षकी, हिशेब, शेती, संगणक यांत तर प्रश्नच नाही. दोष वेळेवर कळला, तर तो फक्त एक रस्ता बंद करतो. उशिरा कळला, तर सारेच संपले असे मुलाला वाटते.

आता चष्म्याविषयी. लोको पायलटच्या पदासाठी चष्म्याशिवाय ६/६ दृष्टी लागते, आणि लेसरने नंबर घालवलेला चालत नाही. हे ठाऊक नसलेली मुले शस्त्रक्रियेवर पैसे घालवून बसतात. त्याच रेल्वेत चष्मा चालेल अशी कामे भरपूर आहेत. पण ते आधी कळायला हवे. पोलीस भरतीत मुलांची उंची १६५ सेंटिमीटर लागते. सतरा-अठरा वर्षांनंतर मुलांची उंची फारशी वाढत नाही. तेव्हा बारावी झालेल्या मुलाला उंची वाढवणारी पावडर आणून देणे म्हणजे दुकानदाराला देणगी देणे होय. उंची कमी भरत असेल, तर त्याला दोन वर्षे पहाटे धावायला लावून शेवटी मोजपट्टीखाली रडवू नका. आजच मोजा आणि दुसरा रस्ता शोधा.

काही गोष्टी वेळेवर कळल्या तर दुरुस्त होतात. आपल्याकडे लहानपणी कान वाहणारी मुले बरीच असतात. पडद्याला भोक राहिलेले असते आणि सैन्याच्या तपासणीत ते सापडते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना वेळीच दाखवले, तर शस्त्रक्रिया करून पडदा बसवता येतो. हर्निया, हायड्रोसील, किडलेले दात यांचेही तसेच. नर्सिंग किंवा लॅबोरेटरीच्या शिक्षणाला जाणाऱ्या मुलांचा रक्ताशी रोज संबंध येतो. त्यांनी हिपॅटायटिस बी म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस लहानपणी घेतली आहे का, ते कार्डावर पाहावे. घेतली नसेल, तर तीन मात्रा पुऱ्या व्हायला सहा महिने लागतात. प्रवेशाच्या आदल्या दिवशी ते जमणार नाही.

मुलींच्या बाबतीत पहिली तपासणी हिमोग्लोबिनची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. ‘पुस्तक घेतलं की झोप येते, डोकं दुखतं, जिना चढताना धाप लागते,’ अशी तक्रार घेऊन आलेल्या मुलीला घरी आळशी म्हटलेले असते. तिला बोलण्याची नव्हे, लोहाच्या गोळीची आणि पोटभर जेवणाची गरज असते. गोळी चहाबरोबर घेऊ नये. लिंबू, आवळा जेवणात असावा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास प्रवर्गांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी राज्य शासनाने पूर्ण माफ केली आहे. फी माफ झाली, पण अंगात रक्तच नसेल तर ती पोर वसतिगृहात राहून शिकणार कशी?

ज्या मुलांना ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व आहे, त्यांच्यासाठी २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. पण त्याचे प्रमाणपत्र माझ्यासारख्या खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळत नाही. त्यासाठी सरकारी रुग्णालयात तपासणी व्हावी लागते, आणि त्याला वेळ लागतो. तेही काम अकरावीतच उरकावे.

शेवटी मनाविषयी. मागे एक बारावीचा मुलगा दर रविवारी पोटात दुखते म्हणून यायचा. सोनोग्राफी झाली, तपासण्या झाल्या, काही सापडले नाही. रविवारी त्याच्या क्लासची चाचणी असे. वडिलांना बाहेर बसवून विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘काका, मला डॉक्टर नाही व्हायचं. पण बाबांना सांगू नका.’ मी त्याची परवानगी घेऊनच वडिलांशी बोललो. ते रागावले नाहीत, गप्प बसले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘मला वाटलं, त्यालाच व्हायचंय.’ दोघे एका घरात राहत होते आणि दोन वर्षे एकमेकांसाठी नको ते ओझे वाहत होते.

आमच्या वेळी बारावीच्या गुणांवरच मेडिकलचा प्रवेश मिळे. आता नीट आहे, सीईटी आहे. बोर्डाची परीक्षा वेगळीच. मुलांवरचा भार आमच्यापेक्षा जास्त आहे, हे मान्य करूया. या वयात आठ तास झोप ही चैन नव्हे, गरज आहे. झोपेतच वाचलेले पक्के होते. आणि मुलगा जेवेनासा झाला, बोलेनासा झाला, ‘जगण्यात अर्थ नाही’ असे म्हणू लागला, तर नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे आणा. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर केव्हाही विनामूल्य बोलता येते.

काही पालक म्हणतील, ‘आधीच असली तपासणी केली, तर पोराचा धीर खचेल.’ मला तसे वाटत नाही. सोळाव्या वर्षी एक वाट बंद झाल्याचे कळले, तर नऊ उरतात. एकविसाव्या वर्षी, कर्ज काढून झाल्यावर कळले, तर खरोखर धीर खचतो.

शाळा-महाविद्यालयांनाही एक सांगणे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरहूनच सुरू झाला. त्याची पथके सरकारी व अनुदानित शाळांतल्या अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. पण कुणाला पुढे काय व्हायचे आहे, हे पथकाला ठाऊक नसते. ते शिक्षकांना ठाऊक असते. अकरावीच्या पहिल्या सत्रात एक दिवस ठरवा. उंचीची पट्टी, वजनकाटा, डोळ्यांचा तक्ता, रंगांचे पुस्तक आणि हिमोग्लोबिनची तपासणी, एवढ्यावर काम भागते. गावातले आम्ही डॉक्टर त्यासाठी फी मागणार नाही.

तो मुलगा आज बाजारात शेतीपंपांच्या साहित्याचे दुकान चालवतो; बरे चालले आहे. मी मात्र तेव्हापासून दाखल्यावर सही करण्यापूर्वी प्रत्येकाला विचारतो, ‘बाळ, तुला पुढे काय व्हायचं आहे?’ जूनमध्ये हा प्रश्न विचारायला थोडा उशीरच झालेला असतो. म्हणून पालकांनो, ज्यांची मुले या वर्षी अकरावीत आहेत, त्यांनी फाइल न घेता, नुसते मुलाला घेऊन एकदा आपल्या डॉक्टरांकडे जावे.