छोट्या टॅबलेटची बाजू, पण सरसकट नव्हे

पावसाळ्याच्या तोंडावर तिबोटी खंड्या कर्नाळ्याला विणीसाठी येतो आणि त्याच्या मागावर लांब लेन्स गळ्यात अडकवलेली हौशी मंडळी येतात. पनवेलपासून अभयारण्य जेमतेम बारा किलोमीटर. पहाटे गेलं की दुपारच्या जेवणाला घरी. कार्डावर मात्र शे-दोनशे फोटो साठलेले असतात आणि त्यातले दहा-पंधरा निवडून, थोडे कापून, थोडे उजळून चार लोकांना दाखवायचे असतात. प्रबळगड-कलावंतिणीच्या ट्रेकचे किंवा घरच्या बारशाचे फोटो असले तरी काम तेच. या कामासाठी आठ-साडेआठ इंचांचा टॅबलेट घ्यावा का, असं कुणी विचारलं की तीन उत्तरं हमखास मिळतात. फोन आहे ना, तोच पुरे. एडिटिंग करायचंच असेल तर लॅपटॉप घे. आणि टॅबलेटच हवा असेल तर मोठा घे, छोटा म्हणजे धड फोन नाही आणि धड संगणकही नाही. तिन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे. म्हणूनच ती खोडून काढायला हवीत. माझं म्हणणं असं, की हौशी फोटो-संपादनाला छोटा टॅबलेट हेच सर्वांत योग्य साधन आहे, मात्र त्याचा पडदा चांगला असेल तरच. तो नसेल तर हातातला फोनच बरा.

आधी फोनवाल्यांचं पाहू, कारण त्यांची बाजू वरकरणी सगळ्यात भक्कम आहे. फोनचा पडदा ६.७ इंचांचा आणि टॅबलेटचा ८.३, मग दीड इंचासाठी एवढे पैसे कशाला, असा त्यांचा सवाल. पण इंच मोजतात ते कर्णाचे, आणि फोनचा पडदा असतो लांबुडका. कॅमेऱ्याचा नेहमीचा ३:२ प्रमाणातला फोटो ६.७ इंचांच्या फोनवर आडवा धरून पाहिला तर तो साधारण साडेदहा बाय सात सेंटिमीटरचा दिसतो. दोन्ही बाजूंचा पडदा काळा राहतो. तोच फोटो ८.३ इंचांच्या आयपॅड मिनीवर साधारण साडेसतरा बाय साडेअकरा सेंटिमीटरचा होतो. क्षेत्रफळ काढलं तर पावणेतीन पट. दीड इंचाचा म्हणून जो फरक हसण्यावारी नेला जातो, तो प्रत्यक्षात एवढा असतो. त्यात संपादन करताना फोन बहुतेक जण उभाच धरतात, म्हणजे आडवा फोटो सात बाय पावणेपाच सेंटिमीटरवर येतो. आता त्या चौकटीत खंड्या किती असेल? पाव भाग धरला तर पावणेदोन सेंटिमीटर. त्याच्या पोटाकडचा जळालेला उजेड कमी करायला बोट ठेवायचं, तर बोटाचं टोकच सेंटिमीटरभर रुंद. अर्ध्याहून जास्त पक्षी बोटाखाली जातो आणि आपण काय करतोय ते बोट उचलल्यावर कळतं.

बोटाचा हा मुद्दा मूळचा छोट्या टॅबलेटच्याच विरोधात मांडला गेला होता, हे गमतीचं आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये गुंतवणूकदारांशी बोलताना स्टीव्ह जॉब्जने सात इंची टॅबलेटांची यथेच्छ टिंगल केली होती: त्यांच्यासोबत बोटं घासून बारीक करायला सँडपेपरही द्यावा लागेल, आणि तसंही त्यांचा पडदा दहा इंची आयपॅडच्या ४५ टक्केच भरतो. हिशोब बरोबर होता. मात्र पुढे दोनच वर्षांत, २०१२ मध्ये, त्याच ॲपलने ७.९ इंचांचा आयपॅड मिनी बाजारात आणला, आणि तो आणताना पडद्याचं ४:३ हे प्रमाण मोठ्या आयपॅडसारखंच ठेवलं. सात इंची लांबट पडद्याला लावलेला आक्षेप आठ इंची रुंद पडद्याला तसाच लागू होत नाही तो यामुळे. शिवाय जॉब्जचाच तर्क पुढे नेला, तर सँडपेपरची गरज सगळ्यात आधी फोनवर एडिटिंग करणाऱ्यांना पडेल.

फोनची दुसरी बाजू म्हणजे त्याचा झगझगीत ॲमोलेड पडदा. काळा रंग त्यावर खरोखर काळा दिसतो, आणि मिनीचा एलसीडी त्यापुढे फिकाच. हे मान्य. पण पुष्कळ फोन दुकानातून येतात तेच रंग चढवून दाखवणाऱ्या मोडमध्ये. खंड्याचा नारिंगी-जांभळा आधीच इतका भडक, की तो चढवलेल्या पडद्यावर पाहून माणूस रंग खाली ओढतो. प्रिंट आली की पक्षी आजारी दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन नैसर्गिक रंगांचा मोड निवडला तर हा दोष बराचसा जातो, पण ते करणारे किती? राहिली ‘ऑटो’ बटणाची गोष्ट. ते बटण बहुधा सगळा फोटो सरासरीला आणतं. कर्नाळ्याच्या दाट झाडीतला अंधार हाच त्या फोटोचा जीव असेल, तर ऑटो तो अंधार उजळून मागच्या पालापाचोळ्यासकट सगळं करडं करून टाकतं. कुठे उजळायचं आणि कुठे काळोख ठेवायचा हे ठरवायला डोळ्यांना जागा लागते, आणि इथे पुन्हा पडद्याच्या आकारावरच येऊन थांबावं लागतं.

लॅपटॉपवाल्यांना थोडक्यात उत्तर देता येतं. लग्नाचे दोन हजार रॉ फोटो हाताळायचे असतील, थरावर थर चढवून काम करायचं असेल, तर लॅपटॉपला पर्याय नाही. पण तो धंदा झाला, हौस नव्हे. हौशी माणसाच्या बजेटात जे लॅपटॉप बसतात, त्यातल्या अनेकांच्या माहितीपत्रकात पडद्यापुढे ‘४५ टक्के एनटीएससी’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. याचा अर्थ, एसआरजीबी या सर्वसामान्य रंगपटातलेसुद्धा साधारण साठ-पासष्ट टक्केच रंग तो पडदा दाखवू शकतो. मान किंचित वाकडी केली की उजेड बदलतो, तो वेगळा. असल्या पडद्यावर गंभीरपणे रंग जुळवत बसणं म्हणजे गढूळ काचेतून सोनं पारखणं. आणि ज्या स्नॅपसीडवर आज निम्म्या हौशी जगाचं काम चालतं, ते ॲप २०११ मध्ये आलं तेच मुळी आयपॅडसाठी. गुगलने ते बनवणारी कंपनी विकत घेतली ती नंतर, २०१२ मध्ये. बोटाने फोटो सुधारणं ही लॅपटॉपची नक्कल म्हणून आलेली सोय नव्हे. टॅबलेट समोर ठेवूनच ती पद्धत घडली.

आता मोठ्या टॅबलेटचा आग्रह. हा आक्षेप मला खरा जड वाटतो, कारण तो पैशांचा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या आयपॅड मिनीची भारतातली सुरुवातीची किंमत ४९,९०० रुपये. २०२५ मध्ये आलेल्या अकरा इंची साध्या आयपॅडची ३४,९००. म्हणजे छोटा पडदा घेण्यासाठी पंधरा हजार जास्त मोजायचे, हे कुठल्याही हिशोबी घरात पटणार नाही. शिवाय त्या मोठ्या पडद्यावर फोटो बावीस सेंटिमीटरहून जास्त रुंद दिसतो. त्यामुळे ज्यांचं सगळं संपादन घरच्या टेबलावर, रात्री जेवणं आटोपल्यावर होणार आहे, त्यांनी खुशाल मोठा घ्यावा. पण पंधरा हजार कशाचे लागतात तेही पाहायला हवं. साध्या आयपॅडवर काच आणि पडदा यांच्यात पोकळी असते, मिनीवर ती नसते. साधा एसआरजीबीपुरता रंग दाखवतो, मिनी त्याहून रुंद पी-थ्री रंगपट. आणि वजन ४७७ ग्रॅम विरुद्ध २९३. हा फरक टेबलावर शून्य आहे. पनवेलहून सीएसएमटीला जाणाऱ्या हार्बर लोकलमध्ये मात्र तो शून्य नाही. तो प्रवास सुमारे एक तास वीस मिनिटांचा. पनवेल सुरुवातीचं स्टेशन असल्याने सकाळी बसायला मिळण्याची शक्यता इथल्या माणसाला इतरांपेक्षा जास्त. मांडीवर बॅग, शेजाऱ्याचं कोपर, आणि एका हातात टॅबलेट धरून दुसऱ्या हाताने काम. अर्धा किलो एका हातात किती वेळ तोलणार? नोकरदाराला हौसेसाठी मिळणारा सलग वेळ बहुधा हाच असतो, आणि साधन त्या वेळेत वापरता आलं नाही तर त्याचा पडदा कितीही मोठा असून उपयोग काय?

इथवर वाचून कुणी बाजारातला दहा-तेरा हजारांचा ८.७ इंची टॅबलेट उचलायला निघेल, त्याला थांबवणं भाग आहे. सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ घ्या की रेडमीचा पॅड एसई ४जी, दोघांचाही पडदा १३४० बाय ८०० पिक्सेलचा. त्यावर ३:२ चा फोटो मावतो १२०० बाय ८०० पिक्सेलांत, म्हणजे दहा लाखांच्या आत. साध्या फुल एचडी फोनवर तोच फोटो १६२० बाय १०८० पिक्सेलांत दिसतो. टॅबलेट मोठा दाखवतो, पण फोनपेक्षा कमी दाखवतो! फोटो शार्प आहे की हलला आहे, पिसांवर दिसतोय तो दाणेदारपणा आहे की पिसांचीच नक्षी, हे अशा पडद्यावर ठरवता येत नाही. मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ, पेपर, मालिका यासाठी ही यंत्रं चांगली आहेत, फोटोसाठी नाहीत. निदान किती पिक्सेल हवेत, याचं माप आपल्या घरातच आहे: ६×४ इंचांची प्रिंट. ती ३०० डीपीआयला छापायला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. मिनीचा पडदा २२६६ बाय १४८८ चा, म्हणजे आख्खी प्रिंट एकही पिक्सेल न गाळता त्यावर मावते, आणि आकारही प्रिंटपेक्षा किंचित मोठा दिसतो. जो फोटो शेवटी अल्बममध्ये जायचा, तो जवळजवळ त्याच मापात आधी पाहायला मिळणं, हाच छोट्या टॅबलेटचा सगळ्यात मोठा गुण, आणि जाहिरातीत तो कुणीच सांगत नाही.

यावर रास्त प्रश्न येईल: फोटो शेवटी व्हॉट्सॲपवरच जाणार, तिथे तो दाबून लहान होणार, मग हे पी-थ्री आणि पिक्सेल कुणासाठी? पी-थ्रीचं मलाही फार कौतुक नाही. आपल्या स्टुडिओंच्या लॅबमध्येही फोटो बहुतेक एसआरजीबीतच छापला जातो. पण संपादन म्हणजे निर्णय. निर्णय चांगल्या पडद्यावर घेतला, तर वाईट पडद्यावरही फोटो सावरलेला राहतो. वाईट पडद्यावर घेतलेली चूक सगळीकडे दिसते. याच कसोटीवर बाकीच्या आकड्यांचा गाजावाजा निवतो. मिनीचा पडदा ६० हर्ट्झचाच आहे म्हणून परीक्षणकर्ते नाकं मुरडतात. स्थिर फोटोला त्याचं काय? नव्या चिपचा वेग गेमसाठी ठीक, फोटो कापायला आणि उजळायला तीन वर्षं जुनी चिपही पुरून उरते. म्हणूनच पन्नास हजार जमत नसतील, तर २०२१ चा सहाव्या पिढीचा मिनी वापरलेला मिळतो का पाहावा: पडदा तोच ८.३ इंची, २२६६ बाय १४८८ पिक्सेल, पी-थ्रीसह, आणि कार्ड रीडर लावायला यूएसबी-सीही आहे. साठवण ६४ जीबीची असेल तर फोटो वेळच्या वेळी बाहेर काढावे लागतील, आणि बॅटरी तपासूनच घ्यावा. तरी तो नव्या स्वस्त टॅबलेटपेक्षा शतपटीने बरा. पेन्सिलीसाठी आणखी आठ-बारा हजार घालू नका. या आकाराच्या पडद्यावर बोट पुरतं.

दुकानात जाल तेव्हा कार्ड आणि रीडर सोबत ठेवा. तिथल्या डेमोतले फुलांचे फोटो पाहू नका. ऑटो ब्राइटनेस बंद करा, उजेड मध्यावर आणा, आपला एक अंधारातला फोटो उघडा आणि त्याचीच आधी काढलेली ६×४ ची प्रिंट शेजारी धरा. दोन्ही जुळले तर घ्या. नाही जुळले, किंवा दुकानदाराने कार्ड लावू दिलं नाही, तर पैसे खिशात ठेवून परत या आणि फोनवरच काम चालवा.