सीमेवरचे शहर आणि दिल्लीचा आराखडा

बेळगावची भाजी घाट उतरून आली नाही तर म्हापशाची आणि मडगावची चूल अडते, हे सांगण्यासाठी कोणा अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. पोर्तुगीज अमदानीत ज्यांना स्वतःच्या गावी तोंड उघडण्याची सोय नव्हती, अशा कित्येक गोमंतकीयांना याच बेळगावने आसरा दिला. त्या शहराच्या घरांविषयी, शिवारांविषयी आणि रस्त्यांविषयी आम्ही बोललो, तर तो शेजारधर्मच होय, लुडबूड नव्हे.

संसदेने केलेला राज्यपुनर्रचना कायदा १ नोव्हेंबर १९५६ रोजी अमलात आला आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठी मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. गोमंतकाला निदान १६ जानेवारी १९६७ रोजी कौल विचारण्यात आला. तो कोणाला रुचला, कोणाला नाही, पण विचारले गेले. सीमाभागाला ते भाग्य लाभले नाही. त्याच १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी, खानापूर व नंदगड महाराष्ट्राला द्यावे आणि बेळगाव शहर म्हैसुरात ठेवावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा निर्णय न्यायालयाने द्यावयाचा आहे. तो आम्ही येथे देऊ इच्छीत नाही.

परंतु दावा न्यायालयात आहे म्हणून शहर वाढावयाचे थांबत नाही. केंद्राने २०१५ साली ‘स्मार्ट सिटी’ योजना सुरू केली आणि जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत बेळगावची निवड झाली. दर शहरामागे केंद्राचे ५०० कोटी आणि तितकाच वाटा राज्याने व स्थानिक संस्थेने उचलावा, असे गणित होते. पैसा आला याचा आनंदच आहे. परंतु योजना राबविण्यासाठी महापालिकेऐवजी स्वतंत्र कंपनी असावी, तिचे निम्मे भागभांडवल राज्याचे व निम्मे महापालिकेचे असावे, ही अट दिल्लीचीच होती. महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०१९ साली संपली. निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये आणि महापौर निवडला गेला फेब्रुवारी २०२३ मध्ये! योजनेच्या ऐन मध्यावर जवळजवळ चार वर्षे कंपनीतल्या निम्म्या भागीदाराला तोंडच नव्हते. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांत पहिले स्थान नगररचनेला दिले आहे. ते स्थान कागदावरच राहिले.

रस्त्यांची कथा याहून कठीण आहे. बेळगावहून आपल्या गोव्याकडे येणाऱ्या राष्ट्रीय महामार्गासाठी हलगा-मच्छे बाह्यवळण रस्ता आखण्यात आला, तो शहापूर, वडगाव, अनगोळच्या पिकाऊ शिवारांतून. शेतकरी रस्त्यावर आले, न्यायालयात गेले. राष्ट्रीय महामार्ग कायदाही १९५६ चाच! अधिसूचना निघाल्यापासून एकवीस दिवसांत हरकत घ्यावी, असे तो सांगतो. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापावा आणि त्यांतले एक देशी भाषेतले असावे, असेही सांगतो. ही भाषा कोणती, हे मात्र सांगत नाही. कानडीत छापले की कायद्याचे समाधान होते. वडगावच्या मराठी शेतकऱ्याने वाचून देणारा शोधेपर्यंत एकवीसातले किती दिवस उरतात, हा हिशेब कोणी करीत नाही.

निपाणीला दिल्लीची झळ निराळ्या वाटेने लागते. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी तेथे महामार्ग रोखला आणि गोळीबारात प्राण गमावले. त्याच तंबाखूच्या विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरकुलांसाठी व औषधपाण्यासाठी १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर बसविला होता. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, विडीवर २८ टक्के कर बसला आणि हा उपकर गेला. कामगार वस्तीच्या हक्काची गंगाजळी एका फटक्यात आटली. ‘आता घरे कशातून बांधायची?’ हे त्या वस्तीला विचारायला कोणी आले नाही.

यात सारा दोष बेंगळूरला देऊन भागणार नाही. शेत गेले तर कानडी शेतकऱ्याच्या डोळ्यांतही तेच पाणी येते. मराठी पुढाऱ्यांनीही स्वतःला विचारावे की, सीमेच्या घोषणा देताना विकास आराखड्यावरील हरकतींचे अर्ज आपण किती भरले? सीमाप्रश्न सुटेपर्यंत गटाराचा प्रश्न थांबत नसतो.

तथापि मोठी जबाबदारी केंद्राची आहे, कारण सीमा त्याच्या कायद्याने ठरली आणि रस्ताही त्याच्याच कायद्याने होतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून शांततेचा सल्ला दिला. सल्ला योग्यच, पण ज्या दोन गोष्टी केंद्राच्या स्वतःच्या हातात आहेत, त्या त्याने कराव्यात. लोकनियुक्त सभागृह अस्तित्वात नसेल, तर नगरविकासाचा पुढचा हप्ता देऊ नये. आणि जेथे भाषिक अल्पसंख्य लोकसंख्येच्या १५ टक्क्यांवर आहेत, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे १९५६ पासूनचे आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेने उचलून धरलेले धोरण भूसंपादनास सक्तीने लावावे. याला नवा आयोग नको, नवा खर्चही नको.

बेळगाव कोणत्या राज्यात असावे, हे न्यायालय ठरवील तेव्हा ठरवील. आपल्या शेतातून रस्ता जाणार आहे हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कळावे, यासाठी त्याने आणखी किती वर्षे थांबावयाचे?