आभाळातला नकाशा आणि धुऱ्यावरची ओळख

बी.एस्सी. झालेली मुलगी घरी येऊन म्हणते, "मला सुदूर संवेदनात एम.एस्सी. करायची आहे." मुलचेऱ्यासारख्या तालुक्यातल्या घरात यावर पहिला प्रश्न येतो, तो असा की हे शिकून करायचे काय? मास्तर समजतो, नर्स समजते, तलाठी समजतो. हे नाव उच्चारतानाच जीभ अडखळते. दोन वर्षे पोर शहरात ठेवायची आणि पदरचे पैसे घालायचे, तर ती विद्या काय आहे हे आईबापांना कळले पाहिजे. म्हणून या वेळी त्याविषयीच चार गोष्टी.

नाव बोजड आहे, गोष्ट साधी आहे. हात न लावता, लांबून एखाद्या वस्तूची माहिती घेणे म्हणजे सुदूर संवेदन. आपण धुऱ्यावर उभे राहून धानाचा रंग पाहतो आणि खत कमी पडले की पाणी साचून राहिले याचा अंदाज बांधतो. उपग्रह तेच काम शेकडो किलोमीटर उंचीवरून करतो. आपल्या डोळ्यांना न दिसणारे किरणही तो टिपतो, एवढे त्याचे जास्त. निरोगी हिरवे पान उन्हातले अवरक्त किरण भरपूर परत फेकते. पान आजारी पडले की ते कमी होतात. अभ्यासाच्या चित्रात हे किरण लाल रंगाने दाखवण्याची रीत आहे. त्यामुळे आपले चपराळ्याचे हिरवेगार रान त्या चित्रात लालभडक दिसते. पहिल्यांदा पाहणारा दचकतो.

याच्या जोडीला भौगोलिक माहिती प्रणाली शिकवतात. गावनकाशा, नाले, बोड्या, मातीचे प्रकार, जमिनीचा उतार आणि जंगलाची हद्द हे सारे वेगवेगळ्या पारदर्शक कागदांवर काढून एकावर एक ठेवले, तर कोणत्या शेताला कोणत्या बोडीचे पाणी आपोआप पोचेल ते दिसेल. हेच काम संगणक करतो. दोन वर्षांत मुलांना नकाशाशास्त्र, उपग्रहचित्रांचे वाचन, थोडे गणित व संख्याशास्त्र, संगणकाची आज्ञावली, आणि शेवटी एका प्रत्यक्ष विषयावर प्रकल्प, असा अभ्यास करावा लागतो.

आपल्या देशात या विद्येचा पहिला नावाजलेला प्रयोग शेतकऱ्यासाठीच झाला. १९७० मध्ये केरळात नारळाच्या बागांना मूळकुजीसारख्या रोगाने ग्रासले होते. तेव्हा डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांची छायाचित्रे घेतली आणि रोगट झाडे वेगळी ओळखता येतात हे दाखवले. पुढे १७ मार्च १९८८ रोजी आय.आर.एस.-१ए हा आपला उपग्रह अवकाशात गेला. त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. म्हणजे ही विद्या आपल्या दारापासून फार लांबची नाही.

आता उपग्रहाला किती बारीक दिसते ते पाहू. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे कोणालाही फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो. म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळजवळ बरोबर एक गुंठा! एक एकराचे चाळीस ठिपके. तुमच्या दोन गुंठ्यांच्या बांधीचे दोनच ठिपके पडणार, आणि तेही शेजाऱ्याच्या धुऱ्यावर थोडे सांडलेले.

इथेच गावच्या पोरीचे मोल सुरू होते. चित्रात दिसलेले जमिनीवर जाऊन पडताळल्याशिवाय या शास्त्रात कुठलाही निष्कर्ष पक्का धरत नाहीत. शहरातल्या खोलीत बसलेल्या माणसाने एप्रिलचे चित्र पाहिले, तर सागाची पाने गळून रान उघडे दिसेल. जंगल तुटले असे तो म्हणेल. आपल्याकडची मुलगी म्हणेल, थांबा, पाऊस पडू द्या, पुन्हा पाहा. रोवणीच्या दिवसांत आभाळ भरलेले असते, साध्या चित्रात ढगच दिसतात. तेव्हा ढगापार पाहणारे रडारचे चित्र घ्यावे लागते. रोवणी झालेली, पाणी भरलेली बांधी त्यात काळी दिसते आणि धान वाढेल तशी उजळत जाते. पण भरलेली बोडीही काळीच दिसते. दोन्हींतला फरक, आणि रोवणी कोणत्या आठवड्यात होते, हे जिने पऱ्हे उपटले आहेत तिला वेगळे शिकवावे लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पट्ट्याची. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला हक्क मागता येतो. दाव्याच्या पुराव्यांत उपग्रहचित्रही चालते. कागद नसलेल्या घराला याचा मोठा आधार होऊ शकतो, कारण त्या वेळची चित्रे जपून ठेवलेली आहेत. मात्र हेच चित्र उलटही फिरू शकते. आपल्या भागात बांधी काढताना मोहाचे झाड कोणी तोडत नाही. वरून पाहिले तर मोहाचा घेर दिसतो आणि खालचे धान झाकले जाते. चित्र वाचणारा म्हणतो, इथे शेती नव्हतीच. यासाठीच २०१२ मध्ये नियमात स्पष्ट घातले गेले की उपग्रहचित्र हा इतर पुराव्यांना जोड देणारा पुरावा आहे, त्यांच्या जागी तो घेता येणार नाही. ज्येष्ठांचे जबाब, जुने बांध, विहिरी यांचे वजन कायम आहे. तरी चित्र पुढे ठेवून कोणी "तुमचा दावा बसत नाही" म्हटले, तर ते चित्र कोणत्या तारखेचे, किती मीटरचा ठिपका, जागेवर कोण जाऊन आले, हे विचारणारे माणूस ग्रामसभेत हवे. ते माणूस गावचेच असेल तर किती बरे!

सामूहिक वनहक्काचेही तसेच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. एवढ्या जंगलात बांबू कुठून काढायचा, कुठला भाग राखायचा, वणवा कोठून शिरतो, हे ठरवताना चांगला नकाशा हाताशी असेल तर भांडणे कमी आणि काम नेटके होते.

आता शिकायचे कुठे? डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ पासून या विषयात काम करते. मुंबईच्या आय.आय.टी.त एम.टेक. होते, त्याला गेट परीक्षा लागते. पुण्यात सिंबायोसिसची भूमाहितीशास्त्राची संस्था आहे. खासगी संस्थेत शुल्क जास्त असते, ते आधी विचारावे. आदिवासी मुलांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्यावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पदवी घेतली की नोकरी उभी आहे, असे समजू नये. पुष्कळ मुलांना सुरुवातीला शहरातल्या कंपनीत दिवसभर नकाशावर रेघा ओढण्याचे कंत्राटी काम मिळते. ज्याला संगणकाची आज्ञावली चांगली येते आणि जमीनही कळते, तो त्यातून लवकर वर येतो. म्हणून संस्था निवडताना तीन प्रश्न विचारावेत. मुलांना प्रत्यक्ष शेतात-रानात किती दिवस नेता? प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळतो का? मागच्या दोन वर्षांची मुले आज कुठे काय करतात? उत्तर देताना कोणी टाळाटाळ केली, तर दुसरे दार पाहावे.

आणि पैसे भरण्याआधी पारख करता येते. डेहराडूनची संस्था घरबसल्या विनाशुल्क छोटे अभ्यासक्रम चालवते. क्यू.जी.आय.एस. नावाची प्रणालीही फुकट आहे. उन्हाळ्याच्या सुटीत मुलीने एखादा अभ्यासक्रम पुरा करावा आणि आपल्याच गावाचा नकाशा काढावा: बोड्या, नाले, बांध्या, मोहाची झाडे. मग तो आजोबांपुढे ठेवावा. आजोबा चार चुका काढतील. त्या दुरुस्त करायला ती उन्हात आनंदाने फिरली, तर तिला खुशाल पाठवा. कंटाळली, तर दोन वर्षांचे पैसे वाचले समजा.