भुकटीचे सुटे भाग : दोष मालाचा नव्हे, मापाचा

आपल्या बाजारात एक गैरसमज घट्ट बसला आहे. ओतून किंवा ठोकून केलेला लोखंडी भाग अस्सल, आणि धातूची भुकटी दाबून केलेला भाग कच्चा! दुकानदार हे ठासून सांगतो आणि गिऱ्हाईक मान डोलावते. आमच्या चिचगडसारख्या गावातही टेबल फॅनचा, मिक्सरचा किंवा शिलाई मशीनच्या मोटरचा बुश बदलायला गेले की 'हा पावडरचा आहे, टिकायचा नाही' हे वाक्य हमखास ऐकावे लागते.

आम्ही कापडाचे व्यापारी; लोहार नाही की इंजिनिअर नाही. परंतु ज्यांना आम्ही कापड विकतो, ते शिंपी आणि घरी शिवणकाम करणाऱ्या भगिनी यांची रोजी मशीनवर चालते. ईदच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर मोटर जाम झाली तर नुसता बुश जात नाही. चार दिवसांची कमाई जाते आणि गिऱ्हाईकही तुटते. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर मांडणे आम्हाला जरूर वाटते.

हे भाग कसे बनतात ते आधी पाहू. उर्दूत ज्याला आपण बुरादा म्हणतो, तशी धातूची बारीक भुकटी पोलादी साच्यात भरतात. लोखंडाच्या भुकटीवर दर चौरस सेंटीमीटरला साधारण चार ते सात टन दाब देतात. साच्यातून निघालेला भाग दिसायला पूर्ण असतो, पण हाताने मोडेल इतका नाजूक. मग तो भट्टीत जातो. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. येथे उष्णता सुमारे ११२० अंशच ठेवतात. गंज धरू नये म्हणून भट्टीत हवेऐवजी हायड्रोजन किंवा नायट्रोजनसारखा वायू असतो. धातू वितळत नाही, पण जिथे कण कणाला टेकला आहे तिथे अणू सरकतात, सांधा तयार होतो आणि वाढत जातो. यालाच सिंटरिंग म्हणतात. नमदा जसा विणल्याशिवाय, केवळ दाबून आणि मळून एकजीव होतो, तसाच काहीसा हा प्रकार समजावा.

हे तंत्र हलके असते तर जगाने ते अवघड कामांना वापरले नसते. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतो. त्याला ओतणार कोण? अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास टंगस्टनच्या भुकटीपासूनच बल्बची टिकाऊ तार काढून दाखवली. कारखान्यात ज्याला विडिया म्हणतात ते टूल म्हणजे टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टने बांधून भट्टीत पक्की केलेली. कण जितके बारीक तितकी कठीणता जास्त. कोबाल्ट जितका अधिक तितका धक्का सोसण्याची ताकद जास्त. आपल्या शेतात बोअर मारणारी गाडी काळा खडक फोडते, ती याच मालाच्या दातांनी. या टंगस्टनचे खनिज आपल्या विदर्भातही, नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना पट्ट्यात आहे.

जुना दाखलाही आहे. दिल्लीत कुतुबमिनारजवळ कुव्वतुल इस्लाम मशिदीच्या सहनात उभा असलेला लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षांचा आहे. तोही लोखंड वितळवून ओतलेला नाही. भट्टीतून निघालेले सच्छिद्र गोळे तापवून, ठोकून, एकमेकांत जोडून तो घडवला. आपल्या राज्यात पुण्याजवळ पिंपरी येथे महिंद्र सिंटर्ड प्रॉडक्ट्स या कारखान्यात भुकटीचे भाग बनत. पुढे तो जीकेएन समूहात गेला.

मग काही भाग लवकर का जातात? उत्तर छिद्रांत आहे. भरीव लोखंडाचे एक घन सेंटीमीटर ७.८७ ग्रॅम भरते. भुकटीच्या भागात कणांमध्ये पोकळी राहते, म्हणून तो त्याहून हलका असतो. पोकळी वाढली की ताकद घटते आणि वारंवार बसणारे धक्के सोसण्याची शक्ती तर अधिकच घटते. वेड्यावाकड्या छिद्राच्या कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. म्हणून गिअरचे चाक जितके घट्ट दाबलेले तितके चांगले. परंतु बुशाचे गणित उलटे आहे. तिथे छिद्रे मुद्दाम ठेवतात आणि त्यांत तेल मुरवतात. शाफ्ट फिरून गरम झाला की तेल बाहेर येते, थांबून थंड झाला की परत आत ओढले जाते. म्हणजे छिद्र हा सगळीकडे दोष नाही. कोणत्या कामाला किती, हा प्रश्न आहे.

आणि खरी लबाडी इथेच होते. त्याच साच्यात थोडी कमी भुकटी भरली तरी भाग मापाला तेवढाच निघतो आणि चमकतोही तेवढाच. भट्टीत वेळेआधी बाहेर काढला तरी डोळ्याला कळत नाही. कापडात विरळ वीण खळ देऊन लपवतात आणि पहिल्या धुण्यात पितळ उघडे पडते, तसेच हे. माप-तोलात कमी देणाऱ्यांना कुरआन शरीफमध्ये सक्त ताकीद आहे. आमच्या मते ती फक्त तराजूपुरती नाही. साच्यात कमी भरणे हेही कमी तोलणेच आहे.

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दुकानदारांनी सुटा, बिननावाचा बुश विकू नये. बनवणाऱ्याचे नाव असलेला, तेल मुरवलेला माल ठेवावा. गिऱ्हाईकानेही विचारावे. बुश किंचित गरम केला की अंगावर तेलाचा घाम यायला हवा. कोरडा राहिला तर घेऊ नये. मिस्त्री मंडळींनी असा बुश रॉकेलने किंवा पेट्रोलने धुऊ नये, मुरलेले तेल निघून जाते. आतून पॉलिश पेपर मारू नये आणि ग्रीस भरू नये, छिद्रे बंद होतात. हातोड्याने ठोकून बसवू नये.

कापडाच्या गिऱ्हाईकाला आम्ही सुताचा नंबर आणि पन्हा सांगतो, तेव्हा कुठे सौदा होतो. लोखंडाच्या दुकानात मात्र अजून चमक पाहूनच सौदा होतो. आपली तरुण मुले आयटीआय आणि डिप्लोमा करून गॅरेज, मोटर वाइंडिंगच्या धंद्यात येत आहेत. त्यांनी मालाच्या आतली रचना समजून घेतली आणि गिऱ्हाईकाला खरे सांगितले, तर त्यांच्या धंद्यात बरकत येईल आणि शिवणकाम करणाऱ्या भगिनींचे मशीनही ऐन हंगामात बंद पडणार नाही.