नवा प्रशिक्षक कोण?

२०२५ सालच्या जुलै महिन्यात आपल्या देशात एक जागा रिकामी झाली आणि त्या एका जागेसाठी १७० अर्ज आले. जागा होती भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकाची. अर्जदारांच्या यादीत बार्सिलोनाचा माजी प्रशिक्षक चावी आणि मँचेस्टर सिटीचा पेप ग्वार्दिओला ह्या जगद्विख्यात पुरुषांची नावे आहेत असे जेव्हा वृत्तपत्रांत छापून आले, तेव्हा अनेकांनी डोळे चोळून बातमी पुन्हा वाचली. चावीला द्यावयाचा पगार परवडणार नाही म्हणून त्याचे नाव मागे पडले, असेही सांगण्यात आले. लवकरच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खुलासा केला की ते दोन्ही अर्ज खरे नव्हते. कोणा खोडकराने त्या नावांनी पत्रे धाडली होती. देश पोटभर हसला. हसण्यासारखेच होते, परंतु क्षणभर का होईना, पुष्कळांना ते खरे वाटले, किंबहुना खरे असावे असे वाटले, ही गोष्ट मला हसण्याहून अधिक विचार करावयास लावणारी वाटते.

ही जागा रिकामी कशी झाली ते थोडक्यात सांगतो. क्रोएशियाचे इगोर स्टिमाच २०१९ पासून प्रशिक्षक होते. २०२४ च्या मार्चमध्ये गुवाहाटीस अफगाणिस्तानने आपणांस हरविले, जूनमध्ये कोलकात्यास कुवेतशी सामना गोलाविना बरोबरीत सुटला आणि दोहा येथे कतारने २-१ असे नमविले. विश्वचषकाच्या पुढील फेरीचे दार बंद झाले आणि स्टिमाच ह्यांस निरोप देण्यात आला. करार मुदतीपूर्वी मोडल्यामुळे पुढे त्यांना भरपाई द्यावी लागली. वृत्तपत्रांनी तो आकडा सुमारे ४ लक्ष अमेरिकन डॉलर असा दिला. त्यांच्या जागी आले स्पेनचे मानोलो मार्केझ, जे त्याच वेळी आपल्या एफ. सी. गोवा संघाचेही प्रशिक्षक होते. एकाच माणसाने दोन घरची चूल फुंकावी असा हा प्रकार. आठ सामन्यांत भारताला एकच विजय मिळाला, तो शिलाँगला मालदीवविरुद्ध. इकडे गोव्याच्या संघाने मात्र मे २०२५ मध्ये त्यांच्याच हाताखाली सुपर कप जिंकला. तेव्हा गोमंतकीय प्रेक्षकाने हसावे की रडावे? १० जून रोजी हाँगकाँगने १-० असे हरविल्यावर जुलैच्या आरंभी मार्केझ आणि महासंघ परस्परसंमतीने वेगळे झाले. त्या महिन्यात भारताचा जागतिक क्रमांक १३३ वर घसरला होता.

मग सुरू झाला तो वाद. कोलकात्यात, केरळात, मिझोरमात तो चाललाच. परंतु आपल्याकडे तिठ्यावरच्या चहाच्या टपरीपासून पोदेराच्या भट्टीपर्यंत दुसरा विषय नव्हता. पंचायतीच्या निवडणुकीत ज्यांनी तोंड उघडले नव्हते, तेही ह्या निवडणुकीत तावातावाने बोलत होते. एका तरुणाने मला वाटेत अडवून विचारले, "फादर, तुम्हीच सांगा, कोच आपला असावा की बाहेरचा?" मी म्हटले, "अरे बाबा, आधी ज्यांची नावे पुढे आहेत ती माणसे कोण, ते तरी पाहू या."

महासंघाच्या तांत्रिक समितीने, जिचे अध्यक्ष आय. एम. विजयन हे स्वतः एके काळचे नामांकित आघाडीवीर, अखेर तीन नावे निवडली होती. पहिले स्टीफन कॉन्स्टंटाइन ह्यांचे. हे इंग्लिश गृहस्थ ह्यापूर्वी दोनदा आपले प्रशिक्षक होते. दुसऱ्या वेळी, २०१५ साली, ते आले तेव्हा भारत १७३ व्या क्रमांकापर्यंत खाली गेला होता. २०१७ च्या जुलैत तो ९६ वर चढला. २०१९ च्या आशियाई चषकात थायलंडला आपण ४-१ असे लोळविले, तेही ह्यांच्याच कारकिर्दीत. नंतर बहारीनविरुद्ध एक बरोबरी मिळाली असती तर पुरेशी झाली असती. परंतु जादा वेळेत एका पेनल्टीने घात केला आणि त्याच रात्री कॉन्स्टंटाइन ह्यांनी राजीनामा दिला. त्यांचे पक्षपाती म्हणत, आकडे पाहा. विरोधक म्हणत, त्यांचा खेळ पाहवत नाही. सारे अकरा जण आपल्या गोलापुढे कुंपण घालून उभे. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच तो वाद मिटत नव्हता.

दुसरे नाव स्टेफान टार्कोविच ह्यांचे. ते स्लोव्हाकियाचे. २०२१ साली झालेल्या युरोपीय स्पर्धेत त्यांच्या संघाने पोलंडला हरविले आणि नंतर स्पेनकडून पाच गोलांनी मार खाल्ला. पुढे किर्गिझस्तानचा संघही त्यांनी सांभाळला होता. त्यांच्याविषयी आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नव्हते. आणि ज्याच्याविषयी ठाऊक नसते, त्याच्यावर आशा ठेवणे फार सोपे असते. कित्येक तरुण केवळ ह्याच कारणाने त्यांच्या बाजूस होते.

तिसरे नाव खालिद जमील. जन्म कुवेतमधला, पण खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द झाली मुंबईत, महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया ह्या संघांतून. मुंबई एफ. सी. ह्या तुटपुंज्या साधनांच्या संघाला त्यांनी वर्षानुवर्षे पहिल्या श्रेणीत टिकवून धरले. परंतु त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते २०१६-१७ च्या मोसमात, मिझोरमच्या ऐझॉल संघामुळे. ही कथा जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण तिचा एक धागा आपल्या अंगणातून जातो. आदल्या मोसमात ऐझॉल संघ आय-लीगमधून खाली गेला होता. परंतु २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो ह्या आपल्या तीन जुन्या संघांनी भावी व्यवस्थेच्या निषेधार्थ त्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. रिकाम्या झालेल्या जागेवर ऐझॉलला परत बोलाविण्यात आले. जमील तेथे गेले, ज्यांना इतरांनी सोडून दिले होते असे काही खेळाडू आणि डोंगरातली पोरे एकत्र केली, आणि ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजोंगशी १-१ अशी बरोबरी साधून मोहन बागानच्या नाकावर टिच्चून विजेतेपद पटकावले. पुढे ईशान्येच्या नॉर्थईस्ट युनायटेडला २०२०-२१ मध्ये आणि जमशेदपूरला २०२४-२५ मध्ये त्यांनी उपांत्य फेरीपर्यंत नेले. मे २०२५ च्या ज्या सुपर कपाचा वर उल्लेख केला, त्याच्या अंतिम सामन्यात मार्केझ ह्यांच्या गोव्याने ३-० असे ज्यांना हरविले, तो संघ जमील ह्यांचाच.

एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी नेमका हाच मुद्दा काढला होता. ते म्हणाले, "जो हरला त्याला खुर्ची आणि जो जिंकला तो घरी, हा कोठला न्याय?" टपरीवर बसलेल्यांपैकी कोणाजवळही ह्याला उत्तर नव्हते. उत्तर आहे, परंतु ते चटकन सुचणारे नाही. क्लबाचा प्रशिक्षक रोज सकाळी आपल्या खेळाडूंना मैदानावर पाहतो. आघाडीस गोल करणारा नसेल तर परदेशातून आणतो. राष्ट्रीय प्रशिक्षकास खेळाडू मिळतात ते सामन्यापूर्वी काही थोडे दिवस. त्याला विकत काहीच घेता येत नाही. देशाने जे पिकविले असेल तेच त्याने शिजवावयाचे.

आणि देशाने काय पिकविले होते? सुनील छेत्री ह्याने ६ जून २०२४ रोजी ९४ गोलांनिशी निवृत्ती घेतली. नऊ महिन्यांनी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याला परत बोलवावे लागले. मालदीवविरुद्ध त्याने ९५ वा गोलही केला. त्याच्यामागे उभा राहील असा आघाडीवीर का नाही, हे विचारावयास प्रशिक्षकाच्या दारी जाऊन उपयोग नाही. इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर उतरू शकतात, आणि बहुतेक संघ गोल करण्याचे काम त्यांच्याच हाती देतात. आपला मुलगा कडेने धावतो, चेंडू आत पाठवितो, आणि शेवटची लाथ दुसरा मारतो. क्लबांना मी दोष देत नाही; त्यांनाही सामने जिंकावयाचे असतात. परंतु वर्षभर ज्याने गोलापुढे पायच ठेवला नाही, त्याने निळा सदरा घालताच गोल करावा, ही अपेक्षा चमत्काराची आहे.

स्वदेशी की परदेशी ह्या वादात सय्यद अब्दुल रहीम ह्यांचे नाव निघाल्यावाचून राहत नाही, आणि निघावयासच हवे. हैदराबादचे हे शाळामास्तर १९५० पासून १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत भारताचे प्रशिक्षक होते. १९५१ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत दिल्लीस सुवर्णपदक, १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, १९६२ साली जाकार्तास पुन्हा सुवर्णपदक. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा हा मूळचा आपला गोमंतकीय. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. जाकार्ताची हकीगत तर अंगावर काटा आणणारी आहे. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० असे हरविले. प्रेक्षक विरुद्ध. जर्नेलसिंगच्या डोक्याला दुखापत झाली, तेव्हा त्या बचावपटूला रहीम ह्यांनी आघाडीस खेळविले. स्वतः रहीम कर्करोगाने खंगलेले. आणि अंतिम सामन्यात त्याच कोरियाला भारताने २-१ असे हरविले. एक गोल पी. के. बॅनर्जीचा, दुसरा पट्टी बांधलेल्या जर्नेलचा.

तेव्हा लोक म्हणतात, पाहा, आपलाच माणूस हवा. मीही जमील ह्यांच्याच बाजूचा होतो, हे लपवीत नाही. परंतु रहीम ह्यांच्या पाठीमागे हैदराबाद सिटी पोलीस हा संघ होता हे विसरू नये. ह्या संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला, आणि त्यालाही खेळ शिकविणारे रहीमच. खेळाडूला पोलिसात नोकरी, नोकरीबरोबर मैदान, मैदानावर मास्तर. असे ते चक्र होते. आपल्याच दोन माणसांचे उदाहरण घ्या. धेंपोला पाच वेळा राष्ट्रीय विजेते करणारे आर्मांदो कुलासो २०११ साली भारताचे प्रशिक्षक झाले, आणि काही महिन्यांतच त्यांचे पर्व संपले. त्यांच्यामागून आलेले सावियो मदेरा ह्यांनी त्याच वर्षअखेर दिल्लीत सॅफ स्पर्धा जिंकून दिली, आणि २०१२ च्या मार्चमध्ये काठमांडूत तिन्ही सामने हरल्यावर लोक ते यश विसरले. दोघेही आपले, दोघेही जाणते. परंतु त्यांना सवड कोणी दिली?

ज्या जुलैत हा सारा वाद रंगला होता, त्याच जुलैत इंडियन सुपर लीगचा पुढचा मोसम आयोजकांनी स्थगित ठेवला होता, कारण महासंघाशी असलेल्या कराराचे नूतनीकरण झाले नव्हते. ज्यांतून संघ निवडावयाचा ते खेळाडू केव्हा खेळणार हे ठाऊक नाही, आणि आपण भांडतो आहोत निवडणारा कोण ह्यावर! आपल्या गावात सायंकाळी अनवाणी खेळणारा जो पोरगा आहे, त्याच्या आईबापांना कॉन्स्टंटाइन आला काय नि टार्कोविच आला काय, सारखेच. त्यांचा प्रश्न वेगळा असतो. मुलाने शाळा सोडून सराव करावा काय? पुढे पोटाला मिळेल काय? पूर्वी बँका, गोदी, विमान कंपन्या, पोलीस ह्यांचे संघ होते. पाय चालला तर निवृत्तिवेतनाची नोकरी लागे. महिंद्रसारखा संघही २०१० साली बंद झाला. आपले तीन संघ वरच्या स्पर्धेतून बाहेर पडले तेव्हा किती घरांतील मुलांच्या वाटा आखूड झाल्या, ह्याचा हिशेब कोणी मांडला नाही. धेंपो काही वर्षांनी आय-लीगमध्ये परतला, हे एक बरे झाले.

पुढचे वर्तमान वाचकांस ठाऊकच आहे. १ ऑगस्ट २०२५ रोजी जमील ह्यांची निवड झाली. मदेरा ह्यांच्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस त्या जागी बसला. २९ ऑगस्टला ताजिकिस्तानला त्याच्याच भूमीवर २-१ असे हरविले, सप्टेंबरात ओमानला पेनल्टींवर नमवून त्या स्पर्धेत तिसरे स्थान मिळविले. गावात फटाके वाजले. ऑक्टोबरात सिंगापूरला १-१ अशी बरोबरी झाली आणि १४ तारखेस तोच संघ आपल्या फातोर्ड्याच्या मैदानावर आला. छांगतेने चौदाव्या मिनिटाला गोल केला तेव्हा मैदान उभे राहिले. मध्यंतरापूर्वी सिंगापूरने फेड केली, मध्यंतरानंतर दुसरा गोल केला, आणि २०२७ च्या आशियाई चषकाची आपली वाट तेथेच संपली. नोव्हेंबरात ढाक्यास बांगलादेशानेही १-० असे हरविले.

त्या हरण्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिठ्यावर पुन्हा यादी निघाली. जे ऑगस्टात जमील जमील म्हणत होते, त्यांतले निम्मे आता परदेशी माणूस हवा म्हणत होते. आणि वर ज्यांचा उल्लेख केला ते वडीलधारे गृहस्थ ह्या वेळी त्यांना विचारीत होते की तीन महिन्यांत भात तरी पिकते काय, आणि पिकते तर पाऊस कोणी पाडला.