करप्याची कुळी ओळखली पाहिजे

भुदरगड तालुक्यात आभाळ भरून राहिले, रात्री गार पडल्या आणि भाताची पाने सतत ओली राहिली, की खाचरांत करपा दिसू लागतो. पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात. पुढे लोंबीची मान काळवंडून दाणा पोचट राहतो. गारगोटी परिसरातील शेतकऱ्यांस हा रोग परिचित आहे. परंतु तो आला कोठून, हे ठिपका पाहून सांगता येत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगला देशात गव्हावर करपा पडून सुमारे १५,००० हेक्टर पिकास बाधा झाली. भातावरील व गव्हावरील करपा हा एकाच जातीच्या बुरशीच्या निरनिराळ्या कुळ्यांचा उपद्रव होय. तेव्हा भाताच्या खाचरांतील बुरशीच गव्हावर गेली असावी, अशी शंका येणे स्वाभाविक होते. शास्त्रज्ञांनी रोगट नमुन्यांतील बुरशीची जनुकरचना तपासली, ती दक्षिण अमेरिकेतील गव्हावरील कुळीशी जुळली. ब्राझीलमध्ये हा रोग १९८५ सालीच आढळला होता. भातावरील आळ अशा रीतीने दूर झाला.

हा विचार आपल्या देशास नवा नाही. डॉ. के. सी. मेहता यांनी गव्हाच्या ठराविक वाणांवर तांबेरा वाढवून त्याचे प्रकार निश्चित केले, आणि मैदानी उन्हाळ्यात न टिकणारा हा रोग डोंगराळ भागातून पुन्हा येतो, हे दाखविले. जनुकतपासणीने तोच शोध अधिक सूक्ष्म झाला आहे.

सामान्य शेतकऱ्यास याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. रोगप्रतिकारक म्हणून घेतलेला वाण बुरशीची निराळी कुळी आल्यास बळी पडतो, आणि औषधफवारणीचा खर्च वाढतो. कुळी आधी कळल्यास वाणाची निवड डोळसपणे करता येईल.

यासाठी शेतकरी बंधूंनी रोगट पाने कोरडी करून कागदी पाकिटात घालावीत. गाव, वाण, पेरणीची तारीख व रोग प्रथम दिसल्याचा दिवस त्यावर लिहून ते कृषि कार्यालयात द्यावे. नोंदीवाचून नमुना मुका असतो. मात्र शेतकऱ्याने नमुना दिला, की शासनाचीही जबाबदारी सुरू होते. तपासणीचा खर्च शेतकऱ्यावर पडू नये, आणि तिचा निष्कर्ष रोहिणीच्या पेरणीपूर्वी गावच्या चावडीवर लागावा. बियाणे मातीत गेल्यावर आलेला अहवाल केवळ दप्तरी ठेवण्याच्या कामाचा.